पेगमध्ये अर्क टाकायला सांगणाऱ्या मेसेजला एका मेडिकलवाल्याचं उत्तर

दिवाळीपासून एक मेसेज आमच्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. भावकीच्या ग्रुपवर आला, शेतकरी गटाच्या ग्रुपवर आला, आणि परवा एका गिऱ्हाइकानं काउंटरवर मोबाइल पुढं करून विचारलं, ‘डॉक्टर, यातलं काय काय हाय तुमच्याकडं?’ (मेडिकलवाल्यालाही इकडं डॉक्टरच म्हणतात.) मेसेजाचं म्हणणं थोडक्यात असं: पिण्याआधी गुळवेल, अश्वगंधा आणि हळद-मिरीचं चूर्ण घेतलं की लिव्हरला धक्का लागत नाही. दारूत मुळ्या भिजवल्या की तिचं आसव होतं, कारण आसव-अरिष्टात (आंबवून केलेल्या आयुर्वेदिक औषधांत) अल्कोहोल असतंच. शुगरवाल्यांनी पेगमध्ये कारलं-जांभळाचा अर्क टाकावा. शिंदी आणि मोहाची तर निसर्गाचीच, त्यांना दोष नाही. एवढं करून कावीळ झालीच तर मुळी घ्यावी, तीन दिवसांत उतरते, दारू बंद करायची गरज नाही. खाली ठळक अक्षरांत: ‘सर्व आयुर्वेदिक, साइड इफेक्ट शून्य.’

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २२ वर्षं मेडिकल चालवतो. दुकानात आसव-अरिष्टांचं एक अख्खं कपाट आहे. मी ती विकतो, घरीही वापरतो. तेव्हा आयुर्वेदाशी माझं वैर आहे असं कुणी समजू नये. पण या मेसेजातली एकेक ओळ माणसाला कुठं नेते ते मला दिसतं, म्हणून लिहितोय.

शुगरचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात माणूस एका रात्रीत जाऊ शकतो.

गेल्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत रात्री अकराच्या सुमारास एका ओळखीच्या पोराचा फोन आला. वडील पन्नाशीचे, शुगरची गोळी चालू. शेतात हुरडा पार्टी झालेली. त्यांनी दोन क्वार्टर घेतल्या आणि कुणीतरी सांगितलं म्हणून कारलं, जांभूळबी आणि गुडमारचा अर्क त्यातच ओतून प्यायला. ‘शुगर वाढंल’ म्हणून भाकरी खाल्ली नाही, हुरडाही चार घासच. घरी आणून झोपवलं. सगळे म्हणाले, जास्त झालीय, झोपू द्या. सुनेचं मात्र लक्ष गेलं. ती म्हणाली, ‘एवढ्या थंडीत मामांचा सदरा घामानं पिळून निघायलाय, बडबड बी येगळीच करायलेत.’ घरात ग्लुकोमीटर होतं. मी फोनवरच बोटाला सुई लावायला सांगितली. आकडा आला ३४, म्हणजे साखर धोक्याच्या खाली गेलेली.

१०८ वेळेत आली, ग्रामीण रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज दिलं आणि ते वाचले. सून नसती तर सकाळी उठलेच नसते.

यामागचं कारण साधं आहे. आपण जेवलो नाही तर साठवलेली साखर यकृत रक्तात सोडतं. ती संपली की यकृत स्वतः नवीन साखर तयार करतं. दारू हे नवीन साखर करण्याचं कामच अडवते. त्यात वरून साखर उतरवणारी गोळी आणि साखर उतरवणारा अर्क, म्हणजे तिन्हीकडून साखर खाली ओढली जाते. ती लगेच कोसळते असं नाही, कित्येकदा काही तासांनी, पहाटे कोसळते. आणि साखर खाली गेल्याची लक्षणं म्हणजे घाम, थरथर, अडखळतं बोलणं, झोकांड्या. पिलेल्या माणसाकडं पाहून कुणाला शंका येणार? म्हणून एवढं लक्षात ठेवा: शुगरचा पेशंट पिऊन पडला असेल तर ‘चढलीय’ म्हणण्याआधी शुगर मोजा. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

आता गुळवेल-अश्वगंधेचं ‘लिव्हरचं कवच’. कोरोनात गुळवेलीचे काढे घरोघरी झाले, आपल्याकडं कडुलिंबावरच्या वेली लोकांनी मुळापासून तोडून नेल्या. त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. त्यातल्या काहींना यकृताचा आजार आधीपासून होता. आयुष मंत्रालयानं यावर हरकत घेतली. मंत्रालयाचं म्हणणं होतं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झालेली असू शकते. तो वाद तज्ज्ञांचा आहे, पण आपल्यासाठी दोन्ही बाजूंचा अर्थ एकच निघतो. बांधावरून तोडलेली वेल कोणती हे ओळखता येत नसेल आणि यकृत आधीच दारूनं सुजलेलं असेल, तर तिथं प्रयोग करायचा नाही.

अश्वगंधेनंही यकृताला सूज आल्याची प्रकरणं आइसलँड, अमेरिका आणि आपल्या देशातून नोंदली गेलीत. शिवाय ती गुंगी आणते, दारूही गुंगी आणते, आणि गाडी मात्र त्याच रस्त्यानं घरी न्यायची असते. हळदीचं वेगळं सांगतो. वरणात, भाजीत पडते त्या चिमूटभर हळदीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण कॅप्सूलमधल्या हळदीच्या अर्कात मिरीचा अर्क घालतात तो शोषण कैक पटींनी वाढवण्यासाठी. अशा कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झालेले रुग्ण अमेरिकेत सापडलेत.

मूळ गोष्ट अशी की दारू असो की मुळी, दोन्हींचा निपटारा बहुतेक करून यकृतच करतं. रोज पिणाऱ्याच्या यकृतातली एन्झाइमची घडीच बदललेली असते. निरोगी माणसाला पचणारी वस्तू त्याच्या यकृतात विषारी होऊ शकते. ज्या बैलाचा खांदा आधीच सुजलाय त्याच्यावर दुसरं जू ठेवून ‘आधार दिला’ म्हणण्यासारखं आहे हे.

आसवाचा मुद्दा लोकांना पटकन पटतो, म्हणून जरा थांबून सांगतो. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत अल्कोहोल असतं हे खरं. ते आंबवण्यातून आपोआप तयार होतं, साधारण ५ ते १२ टक्के. मात्रा असते तीन ते सहा चमचे, तेवढंच पाणी घालून, जेवणानंतर. व्हिस्कीत ४२.८ टक्के असतं आणि ती चमच्यानं कुणी पीत नाही. (ज्यांना डॉक्टरांनी दारू सोडायची डायसल्फिरामची गोळी दिलीय त्यांना आसवातलं एवढं अल्कोहोलही बाधू शकतं: तोंड लाल, उलट्या, धडधड, बीपी खाली. गोळी थांबवल्यावरही दोन आठवडे हा धोका राहतो. नवऱ्याच्या भाजीत चोरून टाकायला ही गोळी किंवा ‘दारू सुटायचं चूर्ण’ मागायला बाया येतात, तेव्हा मी त्यांना खाली बसवून हेच सांगतो. त्यांची तळमळ मला कळते. पण न सांगता दिलेल्या गोळीवर तो प्यायला तर जीव जाऊ शकतो.)

मुळ्या भिजवण्याचा खरा धोका वेगळाच आहे. वनस्पतीतली कित्येक द्रव्यं पाण्यात नीट उतरत नाहीत, दारूत उतरतात. बाटलीत महिनाभर ठेवलेली मुळी आपलं सगळं तिच्यात सोडते, आणि एका घोटात किती आलं याचं माप कुणाकडंच नसतं. मागच्या उन्हाळ्यात एक जण खरंच अशी बाटली घेऊन आला होता. देशी दारू चहासारखी तपकिरी झालेली, तळाशी बोटाएवढे पाच-सहा तुकडे. ‘कंबरदुखीला लै भारी हाय,’ म्हणाला. मुळ्या कसल्या? ‘बाजारात एका बाईनं दिल्या.’ त्यात बचनाग, म्हणजे जहाल विषारी मुळी, असता तर? वैद्य बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शोधन, म्हणजे विष कमी करण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरत नाहीत. चीन आणि हाँगकाँगमध्ये कच्चा बचनाग दारूत भिजवून पिणारे दगावलेत. आधी ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी बधिर होते, मग हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्यावर नेमका उतारा नाही.

आपल्या उकिरड्यांवर, बांधांवर उगवणारा धोतरा तर बचनागापेक्षाही हाताशी. ‘किक’ बसावी म्हणून हातभट्टीत त्याचं बी टाकतात हे सगळ्यांना माहीत आहे. तोंड कोरडं ठाक, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं, लघवी अडलेली, आणि माणूस हवेतलं काहीतरी वेचत बसलेला दिसला तर ती नुसती नशा नव्हे. लगेच दवाखाना.

शिंदीबद्दल थोडंच. बिलोली, देगलूर, धर्माबादकडं तेलंगणाची सीमा लागून आहे. तेलंगणात शिंदीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळल्याची प्रकरणं वर्षानुवर्षं उघड होतायत. ही सगळी झोपेची औषधं, दारूबरोबर श्वास मंदावणारी. झाडावरून उतरताना शुद्ध असलेली शिंदी तुमच्या ग्लासात येईपर्यंत तशीच राहिली हे कुणी सांगावं? किनवट-माहूरकडची मोहाची दारू घ्या, तिच्यातलं अल्कोहोल इतर दारूतलंच आहे, फूल कितीही पवित्र असो. आणि लिंबू, गूळ, तुळस टाकली की हातभट्टी ‘साफ’ होते हा समज तर सोडाच. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल या विषारी अल्कोहोलनं शंभराहून जास्त माणसं गेली. मिथेनॉल कुठल्याही पाल्यानं निघत नाही.

राहिली काविळीची मुळी. ठरावीक वारी, सकाळी उपाशीपोटी औषध देणारी माणसं आपल्याकडं जागोजागी आहेत. बरेच जण पैसेही घेत नाहीत, त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. पण गुण का येतो ते पाहा. दूषित पाण्यानं होणारी कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरी होते. मधल्या काळात जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. देवडांगरी या कडू रानवेलीच्या फळाचे थेंब नाकात टाकले की पिवळं पाणी वाहतं आणि लोक म्हणतात कावीळ उतरली. ते पाणी नाकाच्या आतलं अस्तर जळल्याचं असतं, रक्तातली कावीळ नाकावाटे बाहेर पडत नाही.

दारूनं झालेली कावीळ मात्र आपोआप उतरणाऱ्यातली नाही. तिच्यात पहिलं औषध म्हणजे दारू पूर्ण बंद, आणि तेही डॉक्टरच्या नजरेखाली, कारण रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा २४वा अध्याय मदात्ययावरच, म्हणजे दारूनं होणाऱ्या विकारांवरच आहे. मेसेज लिहिणाऱ्याला आयुर्वेदाचा एवढा अभिमान असता तर ‘बंद करायची गरज नाही’ ही ओळ त्याच्या हातून उतरली नसती. माझ्या ओळखीतल्या तीन माणसांनी मुळीवर दीड-दोन महिने काढले. पोट पाण्यानं भरल्यावर, रक्ताची उलटी झाल्यावर मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेतलं? तिन्ही घरांनी सांगितलं, काहीच नाही. झाडपाला म्हणजे औषध नाही असं त्यांना वाटत होतं, आणि थोडी लाजही होती.

म्हणून दवाखान्यात जाताना पुडी, अर्काची बाटली, मुळीचा तुकडा, उरलेली दारू, जे असेल ते पिशवीत घालून सोबत न्या. किती प्यायला, केव्हा प्यायला, जेवला होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे चिठ्ठीवर लिहून द्या. घरात पिणारं माणूस असेल आणि सोडायची इच्छा असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. मी तो मेसेजाखाली सगळ्या ग्रुपांवर टाकलाय, आणि काउंटरच्या काचेवर आतून चिकटवलाय.