कृपा मजुरीच्या हिशेबात बसत नाही

माणूस चांगला वागला की देवाची कृपा त्याच्यावर उतरते, असं मी वाचलेल्या एका लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटलं नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (2:8-10) येशूचा प्रेषित पौल याने क्रम उलटा लावलाय. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे. कर्मांनी नाही, म्हणजे कोणी बढाई मारू नये. सत्कर्मं येतात ती त्यानंतर.

मी ऐरोलीत राहतो. सकाळी नाक्यावर मजूर उभे असतात, थापी-घमेलं पायाशी ठेवून. ऊन चढलं तरी ज्यांना कोणी कामाला नेलं नाही, त्यांचे चेहरे बघवत नाहीत. येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या (बायबल, मत्तय 20) द्राक्षमळ्याच्या धन्याने अशांनाच दिवस मावळायला तासभर उरला असताना कामावर घेतलं आणि पूर्ण दिवसाचा दीनार हातावर ठेवला. पहाटेपासून राबलेले कुरकुरले. आपल्यातले नेमाने चर्चला जाणारेही असेच कुरकुरतात हो! कालपर्यंत दारूत बुडालेला माणूस प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, पुढे आला, की मागच्या बाकांवर कुजबुज सुरू.

तारण कृपेने की कर्मांनी, याच प्रश्नावर सोळाव्या शतकात चर्च दुभंगलं. कॅथलिक आणि लुथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट) मंडळींनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत आउग्सबुर्गला संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आपल्या पात्रतेमुळे नव्हे, हे दोघांनीही त्यात मान्य केलंय. त्या लेखात निदान एवढं तरी यायला हवं होतं.