एका तासाचं रेकॉर्डिंग, 'नुसतं ऐकून टाइप'

सकाळी एका मुलाचा फोन आला. "ताई, एकच तासाचं रेकॉर्डिंग आहे, दुपारपर्यंत मिळेल ना? नुसतं ऐकून टाइपच तर करायचंय." नुसतं! चहा गार झाला माझा.

अहो, हात बसलेल्या माणसालाही तासाभराच्या बोलण्याला चार तास सहज लागतात. तेही माणसं एका वेळी एकच बोलत असतील तर. आपल्याकडे मुलाखत म्हणजे मागे रिक्षा, मिक्सर आणि मधूनच "साखर किती?"

पूर्वी मी एका खिडकीत आवाज लावायला व्हीएलसी आणि दुसरीत लिहायला वर्ड उघडून बसायचे. ऑल्ट-टॅब, स्पेस, परत ऑल्ट-टॅब. आपण कुठल्या खिडकीत आहोत हेच विसरायला व्हायचं. थांबवायला म्हणून स्पेस दाबावी तर वर्डमध्ये मोकळी जागा उमटायची, आणि आवाज आपला पुढे चाललेला. कानात धरलेलं वाक्य तेवढ्यात गळून जायचं.

आत्याचं रेकॉर्डिंग असंच केलं होतं. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तो दिवस. ती तेव्हा नऊ वर्षांची, नारायण पेठेत. "पाणी जिन्याला लागलं तशी आईनं आधी ता…" आणि नेमकी कुकरची शिट्टी. मी "ताटं उचलली" लिहून मोकळी झाले. माऊसने ती बारीक पट्टी ओढून मागे जायचं म्हणजे कधी दोन मिनिटं मागे, कधी भलतंच पुढे. कंटाळा केला, दुसरं काय.

मग ओट्रान्स्क्राइब मिळालं. फुकट, ब्राउझरमध्ये चालणारं, आवाज आणि लिहायची जागा एकाच पानावर. एस्केपने थांबतं, एफ१ने मागे, एफ२ने पुढे, एफ३ने वेग कमी. हात कीबोर्डवरून हलत नाही. इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठी कीबोर्ड, चालू असलं की अक्षरांवरचे शॉर्टकट बऱ्याच ठिकाणी रुसतात, एफ१-एफ२च्या सगळ्यात वरच्या ओळीला मात्र मराठी-इंग्रजी सगळं सारखंच. (लॅपटॉपवाल्यांनो, कोपऱ्यातल्या एफएन बटणाचं आधी बघा, नाहीतर मागे जायच्या ऐवजी आवाजच बंद.) भाच्याने तर ईमॅक्स या लिहायच्या प्रोग्रॅमला एमपीव्ही हा प्लेअर जोडलाय, लिहिता लिहिता तिथूनच आवाज थांबवतो. मी हसले होते त्याला. आता हसत नाही.

"एआय करतं की सगळं," असं खाली लिहायला कोणीतरी टपलेलं असणारच. करतं. आवाज स्वच्छ असेल तर बरंच बरं करतं. मान्य. आत्याचं तेच वाक्य मी त्यालाही ऐकवलं. त्याने तो शब्दच गाळून वाक्य गुळगुळीत करून दिलं. मी निदान चुकले तरी होते!

जाऊ दे. सकाळच्या मुलावर जरा जास्तच ओरडले. त्याने कधी हे काम केलेलं नाही, त्याला कुठून कळणार. संध्याकाळी फोन करीन त्याला.

मागच्या महिन्यात आत्याची फाईल पुन्हा काढली. वेग कमी केला. एफ१. एफ१. परत एफ१. शिट्टीच्या खालून आलं: "ताईला उचललं." ताई म्हणजे माझी थोरली आत्या. पोलिओमुळे चालता यायचं नाही तिला. आणि माझ्या कागदावर इतके दिवस ताटं.

लगेच आत्याला फोन लावला, कबूल केलं. ती खो खो हसली. म्हणाली, "अगं, ताटं तर सगळी वाहून गेली."