‘बेसिकच चुकीचं शिकवतात’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दुसऱ्या रविवारी बॅच २० मिनिटं उशिरा सुरू झाली हे खरं आहे, त्याबद्दल मनापासून सॉरी. सकाळची बॅच लांबली आणि तुम्हाला जिन्यात उभं राहावं लागलं. जागा अपुरी पडते हेही मान्य. दोन खोल्यांचं घर, त्यातल्या बाहेरच्या खोलीत क्लास चालतो.

एक स्टार दिलात, तोही दिलात तर दिलात. पण "मॅडमना बेसिकच माहीत नाही, सिंगल क्रोशाला डबल म्हणतात, घरी व्हिडिओ लावून केलं तर सगळं चुकलं, ९०० रुपये पाण्यात" असं जे लिहिलंय ना, ते माझ्या मनाला फार लागलं. १७ वर्षं शिकवतेय. उशीर झाला म्हणा, पंखा लागत नाही म्हणा, ऐकून घेईन. टाका चुकीचा शिकवते म्हणालात तर मला बोलावंच लागेल.

मी कुठल्याच टाक्याला आधी सिंगल किंवा डबल म्हणत नाही. आमच्याकडे साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, लांब खांब. माझ्या मावशीनं हेच शिकवलं आणि मीही हेच शिकवते. इंग्रजी नावं नंतर येतात, कारण पुढे तुम्हाला पॅटर्न वाचायचे असतात. आणि गोंधळ तिथेच आहे, तो मी केलेला नाही. ब्रिटिश पॅटर्नमध्ये मुक्या खांबाला डबल क्रोशे म्हणतात आणि आपल्या खांबाला ट्रेबल. अमेरिकन पॅटर्नमध्ये तोच मुका खांब सिंगल होतो आणि खांब डबल. म्हणजे ‘डबल’ हा एकच शब्द, पण टाके दोन, आणि खांब मुक्या खांबापेक्षा चांगलाच उंच.

लक्षात ठेवायला मी एक युक्ती सांगते, तुमच्या बॅचलाही सांगितली होती. मुका खांब घालताना दोरा ओढून वर घेतला की सुईवर दोन लूप असतात, म्हणून ब्रिटिशांचा डबल. खांबाला तीन असतात, म्हणून ट्रेबल. अमेरिकन मात्र त्यानंतर दोरा किती वेळा लुपांतून काढायचा ते मोजतात, असं समजा. मुक्या खांबाला एकदा, म्हणून सिंगल. खांबाला दोनदा, म्हणून डबल. आणि पॅटर्नमध्ये कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं तर डोळे मिटून अमेरिकन समजायचं, कारण आजच्या ब्रिटिश नावांत सिंगल नाहीच.

हे सगळं तीन रकान्यांत लिहून मी प्रत्येकीला गुलाबी कागद देते. मराठी, ब्रिटिश, अमेरिकन. तुमचा कागद तुमच्या खुर्चीवरच राहिला. आता दुखवायचा हेतू नाही, पण हे समजावत होते तेव्हा तुम्ही फोनवर बोलायला बाहेर गेला होतात. महत्त्वाचा फोन असेल, मी काही म्हटलं नाही. पण मग फळ्यावरचं तेवढंच ‘डबल’ तुमच्या लक्षात राहिलं, घरी अमेरिकन व्हिडिओ लावलात, तिथली बाई डबल म्हणाली आणि तुम्ही मुके खांब घालत गेलात. मग घरी केलेला कोस्टर निम्म्या उंचीचा होणार नाही तर काय होईल? व्हिडिओही बरोबर आणि मीही बरोबर.

क्लासमधल्या ‘रुमालाचा समोसा झाला’ असंही तुम्ही लिहिलंय, त्याबद्दलही दोन शब्द. पहिल्या ओळीत २० खांब होते, नवव्या ओळीत १२. मी तुमच्यासमोर बसून मोजले. ओळ वळताना ज्या ३ साखळ्या घालतो, तो त्या ओळीचा पहिला खांब असतो. परत येताना शेवटचा खांब त्यातल्या तिसऱ्या साखळीत घालायचा. तो सुटला की ओळीमागे एक कमी. सगळ्यांचा सुटतो, माझाही सुटायचा. म्हणून मी तिथे सेफ्टी पिन अडकवून देते. पण तुम्ही आणली होती काळी मखमली लोकर. ग्रुपवर स्पष्ट लिहिलं होतं, फिक्या रंगाची, साधी, ४ मिलिमीटरच्या सुईला चालेल अशी आणा. मखमलीत टाका डोळ्यांना दिसत नाही हो, बोटांनी चाचपावा लागतो. तरी मी पाच ओळी उसवून पुन्हा घालून दिल्या, त्यात बाकीच्या सहाजणी थांबल्या. त्याचा उल्लेख रिव्ह्यूमध्ये नाही.

फीबद्दल जास्त बोलत नाही. दोन रविवार मिळून सहा तास, सुई आणि सरावाची लोकर त्यातच. क्रोशा अजून हातानंच होतो, शिकवायलाही शेजारी बसावंच लागतं.

माझी जाहिरात वगैरे काही नाही. बायका हे रिव्ह्यू वाचूनच फोन करतात. तुमचं लिहून आल्यावर पुढच्या बॅचमधून दोघींनी नाव काढून घेतलं. तुमच्यामुळेच असं म्हणत नाही, पण काढलं.

वेळेचं मी बघते. दोन बॅचमध्ये थोडं अंतर ठेवायचा विचार आहे, जागेचंही काहीतरी करू. नावांचा कागद आता पहिल्याच दिवशी देईन.

तुमची सुई आणि तो रुमाल माझ्याकडे आहे, गुलाबी कागदात गुंडाळून ठेवलाय. पिन लावलेली आहे, काढू नका. कुठल्याही दिवशी चारनंतर या, एक तास बसू, पैसे नकोत. येताना पांढरी लोकर आणा.