अंगठा बोलतोय

परवा मध्यरात्री उजव्या पायाच्या अंगठ्यावर चादर टेकली आणि मी किंचाळलो. सकाळी एका पायात बूट, दुसऱ्यात बायकोची स्लिपर, अशा थाटात सदाशिव पेठेतला दवाखाना गाठला. गाऊट, म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड सांध्यात साचून होणारा संधिवात. रक्त दिलं, रिपोर्टची वाट बघत बसलो.

शेजारचे काका कधीचे अंगठाच न्याहाळत होते. मग अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "युरिक ॲसिड! घेता वाटतं?"

"नाही हो."

"बिअर?"

"चहा."

"मग मटण. कलेजी. लपवू नका, अंगठा बोलतोय."

"काका, आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही."

काका क्षणभर अडले. "मग आनुवंशिक. वडील घ्यायचे?"

समोरच्या आजींनी नातवाला जवळ ओढलं. काकांनी तोवर माझं पालक, टोमॅटो, तूरडाळ, मटकी आणि दही बंद करून टाकलं होतं. आधार काय, तर त्यांच्या मेव्हण्याचे व्याही.

आत डॉक्टरांनी यातलं जवळजवळ सगळं परत चालू केलं. प्युरिन म्हणजे ज्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं ते; पण डाळी-पालेभाज्यांतल्या प्युरिनने गाऊटचा धोका फारसा वाढत नाही म्हणे, आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही उलट चांगलं. रक्तात युरिक ॲसिड साधारण 6.8 च्या वर राहिलं की सुईसारखे स्फटिक धरतात; अंगठा शरीराच्या टोकाला, जरा गार, म्हणून तिथे आधी. रिपोर्ट मात्र 6.2! अटॅक चालू असताना आकडा खाली दिसू शकतो, म्हणून दुखणं ओसरल्यावर परत तपासायचं. म्हणजे परत पैसे.

शिवाय गाऊट वऱ्हाड घेऊन येतो: रक्तदाब, मधुमेह, मूतखडा, मूत्रपिंडाची तक्रार, हृदयविकार. माझ्या बीपीच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी आहे, तीही युरिक ॲसिड वाढवते. ती वर्षानुवर्षं लिहून देणाऱ्या एकालाही हे मला सांगावंसं वाटलं नाही. दर वेळी फी घेऊन "मीठ कमी करा" एवढंच. डॉक्टरांनी गोळी बदलायचा विचार करू म्हटलंय. मनाने बंद करायची नाही, हेही बजावलंय.

घरी आलो तर बायको सासूबाईंना फोनवर सांगत होती, "काही नाही गं, अंगठा मुरगळलाय." गाऊट म्हटलं की लोक भलतंसलतं विचारतात, म्हणे.