काळाचा घाला आणि तेच वळण

अपघाताची बातमी मी झोपेतसुद्धा लिहू शकतो. वर्षानुवर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून तेच केलंय. पोलीस ठाण्यातून फोन यायचा, रिसीव्हर खांद्याशी दाबून नाव, वय, वाहन, वेळ एवढं टिपून घ्यायचं आणि फोन ठेवायच्या आत हेडिंग तयार: 'भरधाव ट्रकच्या धडकेत दुचाकीस्वार ठार'. खाली साच्यातली वाक्यं. चालकाचे नियंत्रण सुटले. बघ्यांची गर्दी झाली. परिसरात हळहळ व्यक्त होत आहे. गेलेला तरुण असेल तर 'काळाने घाला घातला', आणि लग्नाहून परतणारी माणसं असतील तर विचारायलाच नको. सिंगल कॉलम, आठ ओळी, पान छपाईला सुटलं.

एकदा भलतंच काहीतरी शोधताना जुन्या अंकांत माझ्याच तीन बातम्या सापडल्या. वाहनं वेगळी, चालक वेगळे, गेलेली माणसं अर्थातच वेगळी. वळण मात्र एकच. तिन्ही वेळा मी काळालाच घाला घालायला लावला होता. काळाला नेमकं तेच वळण का आवडावं, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

विमान पडलं की आम्ही असं करतो का? 'पायलटचे नियंत्रण सुटले' एवढं लिहून कुणी पान सोडलं तर संपादक त्याला दारातून बाहेर काढेल. ब्लॅक बॉक्स सापडेपर्यंत, त्यात काय निघालं ते कळेपर्यंत आम्ही बातमी सोडत नाही. आणि रस्त्यावर? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगभरात सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावरच्या अपघातांत गेली. म्हणजे मिनिटाला दोनपेक्षा जास्त. ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच आहे. तरी आठ ओळी.

'रस्ता सुरक्षेत माध्यमांचा सहभाग' असं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सप्ताह येतो. फीत, हेल्मेट घातलेले पाहुणे, यमक जुळवलेलं घोषवाक्य. अशा कार्यक्रमांचे फोटो मी भरपूर छापलेत, म्हणून सांगतो: त्यांनी कुणाचं वाईट होत नाही आणि धोरण तसूभरही हलत नाही. ३ सप्टेंबर १९६७ ला स्वीडनने रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. त्यासाठी झालेला प्रचार आजही थक्क करतो, दुधाच्या खोक्यांपासून अंतर्वस्त्रांपर्यंत सगळीकडे त्या दिवसाची खूण छापलेली. लोक जपून चालवू लागले, अपघात घटले. पण नव्याची नवलाई ओसरली आणि दोनेक वर्षांत आकडे जुन्या वाटेला लागले. त्याच स्वीडनने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो', म्हणजे रस्त्यावर एकही बळी नको हे धोरण, स्वीकारलं तेव्हा भूमिका वेगळी होती. माणूस चुकणारच, त्या चुकीची किंमत जीव नसावी एवढी काळजी रस्ता बांधणाऱ्याने घ्यायची. ही गोष्ट घोषवाक्यात मावत नाही. बातमीत मावते, पण त्यासाठी बातमी लिहिण्याची रीत बदलावी लागते.

शब्दांनी एवढा काय फरक पडतो, असं मलाही वाटायचं. मग २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग वाचनात आला. पादचाऱ्याला मोटारीने उडवल्याची एकच घटना, बातमीची तीन रूपं. एकात सगळा रोख पादचाऱ्यावर, दुसऱ्यात चालकावर, तिसऱ्यात अशा घटना तिथे आणखी किती झाल्या याचा संदर्भ. पहिलं रूप वाचणाऱ्यांनी पादचाऱ्याला जास्त दोष दिला. तिसरं वाचणाऱ्यांचा कल रस्ता सुधारण्याकडे गेला. हे गुपित मोटार कंपन्यांना फार आधी कळलं होतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत त्यांच्या संघटनेने वर्तमानपत्रांसाठी फुकट सेवाच काढली होती. बातमीदाराने अपघाताचा तपशील धाडायचा, तिकडून लिहून तयार बातमी यायची. त्यात दोष बहुधा रस्ता ओलांडणाऱ्याचा. आयतं मिळालं की डेस्क छापतं, तेव्हाही आणि आताही!

याची दुसरी बाजू ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात दिसली. १९६९ मध्ये तिथे रस्त्यावर १,०३४ माणसं गेली. पुढच्या वर्षी मेलबर्नच्या 'सन न्यूज-पिक्टोरियल'ने, हॅरी गॉर्डन संपादक असताना, '१०३४ विरुद्ध युद्ध' पुकारलं. घोषणेत सद्भावना नाही, यमक नाही, नुसता आकडा. रोज तोच आकडा वाचकाच्या तोंडावर. १९७० च्या डिसेंबरात व्हिक्टोरियाने सीट बेल्ट लावणं सक्तीचं केलं, जगात सर्वांत आधी. १९७१ मध्ये बळींचा आकडा ९२३ वर आला.

ही गोष्ट सांगताना आमचे पत्रकार बंधू इथेच थांबतात आणि कॉलर ताठ करतात. पण त्याआधी कितीतरी वर्षं तिथले शल्यविशारद चेंदामेंदा झालेली माणसं टेबलावर घेत होते आणि पट्टा सक्तीचा करा म्हणून मागे लागले होते. विधिमंडळाच्या समितीपर्यंत विषय गेला होता. लाकडं त्यांनी रचून ठेवली होती, वर्तमानपत्राने काडी ओढली. नुसत्या काडीने काय होतं? बोट भाजतं.

नेदरलँड्समध्ये काडी ओढणारा स्वतः पोळलेला होता. फिक लांगेनहॉफ हा 'दे टाइट' या वर्तमानपत्राचा पत्रकार. १९७१ मध्ये त्याची सहा वर्षांची मुलगी रस्त्यावरच्या अपघातात गेली. त्या एका वर्षात तिथे तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. १९७२ मध्ये त्याने लेख लिहिला, मथळा 'मुलांच्या हत्या थांबवा'. काळाचा घाला नाही, हत्या. हेच पुढे चळवळीचं नाव झालं, आईबाप रस्त्यावर उतरले आणि १९७६ मध्ये मोटारींनी माणसाच्या चालीने जायचं अशा वस्तीतल्या रस्त्यांना कायद्यात जागा मिळाली.

तर रस्ता सुरक्षेसाठी काम करणाऱ्या मंडळींना माझं सांगणं. पन्नास पानी अहवाल मेलवर टाकून 'कृपया प्रसिद्धी द्यावी' असं लिहू नका. संध्याकाळी सात वाजता तो कुणीही उघडत नाही. एक ठिकाण द्या, तिथला एक आकडा द्या, दुरुस्ती कुणाच्या सहीवाचून अडली आहे ते सांगा, आणि अपघात होईल त्या रात्री फोन उचलणारा एक माणूस द्या. बातमीदाराचं लक्ष दोन दिवस असतं. तुमचा कागद तिसऱ्या दिवशी आला तर तो रद्दी.

आणि ज्या दिवशी धोरण ठरतं त्या दिवशी आसपास राहा. वेगमर्यादा कमी झाली की दुसऱ्या दिवशी हमखास हेडिंग असतं, 'वाहनचालकांत नाराजी'. ते खोटं नसतं, नाराजी असतेच. पण सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, हे त्या बातमीत सांगणारं कुणी नसतं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना आम्ही फोन करत नाही, कारण त्यांची बातमी आमच्या लेखी केव्हाच संपलेली असते. फोन केलात तर जपून करा. बोलायची इच्छा त्यांची हवी. रडणाऱ्या आईपुढे माईक धरणं याला मी पाठपुरावा म्हणत नाही.

आमच्या तापण्याचा एक तोटाही कबूल करतो. माध्यमं तापली की सरकारला लगेच काहीतरी करून दाखवावं लागतं, आणि सर्वांत लवकर करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे शिक्षा वाढवणं. त्याने हेडिंग छान होतं. वळण आहे तिथेच राहतं.

मध्यंतरी डेस्कवरच्या एका नव्या मुलाने लिहिलेली अपघाताची बातमी समोर आली. दुसऱ्याच ओळीत काळ घाला घालायला हजर. मी विचारलं, "याच ठिकाणी आधी कधी झालं होतं?"

"ते विचारलं नाही, सर."

"मग विचार."

त्याने ठाण्यात फोन लावला. पलीकडून आवाज आला, "आता कशाला हवंय ते?" पोरगं चिकट निघालं, फोन धरून बसलं. रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता. त्याने वहीत एक तारीख लिहिली. मग दुसरी. पलीकडचा माणूस अजून पानं उलटतच होता, तेव्हा मी पान लावणाऱ्याला हाक मारून सांगितलं, "ही जागा थोडी वाढव."