ब्लीकलोवरच्या बी-29 ला जाताय? घड्याळावर विसंबू नका

मँचेस्टर-शेफील्डकडच्या ट्रेकर मंडळींसाठी, इंग्लंडमधल्या ब्लीकलोच्या पठारावर कोसळलेल्या विमानाच्या अवशेषांबद्दल.

'सोपा ट्रेक, तासाभरात विमानापाशी' असं लिहून फोटो टाकणाऱ्यांशी माझं भांडण आहे. अंतर कमी आहे, मान्य. स्नेक पास या घाटरस्त्याच्या माथ्यावरून (512 मी.) अवशेष आहेत त्या हायर शेल्फ स्टोन्स शिखराला (621 मी.) एका बाजूने साधारण 3 किमी. सह्याद्रीत फिरलेल्याला हसूच येईल. पण सह्याद्रीत पायाखाली कातळ असतो. इथे पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा काळा लगदा, आणि त्यात पाण्याने कोरलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत खोल घळी. घळीत उतरलात की दिशा गेली. वर आलात की समोर तसंच दुसरं काळं वळण.

आधी एक दुरुस्ती. अनेकांना वाटतं तसं हे विमान युद्धात पडलेलं नाही. जात मात्र युद्धातली: बी-29 सुपरफोर्ट्रेस, दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बफेकी विमान. नाव 'ओव्हर एक्स्पोज्ड', कारण काम फोटो काढण्याचं; 1946 च्या, प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवरच्या अणुचाचण्यांचेही काढले. 3 नोव्हेंबर 1948 ला स्कॅम्प्टनच्या हवाई तळावरून बर्टनवुडच्या तळाकडे निघालं, अर्ध्या तासाच्या आतली मजल. ढग खाली आलेले. इतका वेळ उडालो म्हणजे डोंगर मागे पडले, अशा अंदाजाने वैमानिक विमान खाली आणू लागले असावेत असं मानतात. डोंगर मागे पडले नव्हते. विमानातले 13 ही जण गेले.

धुक्यात चालणारा नेमकं हेच करतो: 'तास झाला, म्हणजे आलंच.'

स्नेक पासच्या माथ्यावरून पेनाईन वे ही लांब पल्ल्याची पायवाट उत्तरेला धरा. सुरुवातीला फरसबंदी, पुढे डेव्हिल्स डाइकचा खंदक, मग हर्न क्लफचा ओढा. सगळे चुकतात ते यानंतर, कारण इथे मळलेली वाट सोडून पश्चिमेला वर चढायचं असतं आणि पाटी नाही. अवशेषांचा नकाशावरचा ग्रिड संदर्भ एसके 090 949; शिखरावरचा त्रिकोणमितीचा (सर्वेक्षणाचा) खांब अवशेषांच्या नैर्ऋत्येला, अगदी जवळ. खांब दिसला आणि विमान नाही, तर तुम्ही पुढे आलात. नकाशा ओएस (ऑर्डनन्स सर्व्हे) एक्सप्लोरर ओएल 1, कागदी. फोनची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते. घड्याळाऐवजी पावलांनी अंतर मोजता यावं म्हणून 100 मीटरला आपली किती पावलं पडतात ते घरीच मोजून ठेवा, पीटमध्ये ती वाढतात हेही धरा. कंपास इंजिनाजवळ वाचू नका, पोलाद सुई ओढतं. परतताना धुकं आलं तर पूर्व धरा, पेनाईन वे आडवी येतेच. दक्षिणेला मात्र भटकू नका, तिकडे उतार एकदम तुटतो.

गेटर्स (बुटांवरून नडगीपर्यंतची आवरणं) हवेतच. जीन्स नको. नोव्हेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, टॉर्च विसरू नका. जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास धरा. अडकलात तर 999, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबा.

वर अठरा सिलिंडरची इंजिनं, चाकांचे सांगाडे, बंदुकांच्या टरेटची (फिरत्या बैठकीची) कडी पसरलेली आहेत, आणि 1988 चा स्मृतिफलक. पत्र्यावर बसून डबा उघडणारे बघवत नाहीत. डबा खांबापाशी खा, वाऱ्याला आडोसा देणारे दगड तिथेच आहेत. आणि 'एवढासा तुकडा' खिशात घालू नका. 1986 च्या कायद्याने लष्करी विमानांचे अवशेष परवान्याशिवाय हलवणं गुन्हा आहे. तुकडे एका जागी गोळा करून मांडणंही त्यातच आलं, फोटो कितीही छान येवो.