पाण्याचा रिपोर्ट मागताय? मग विसर्गही मागा

कोळसा खाणीजवळच्या केशरी ओढ्याचे फोटो अधूनमधून टाइमलाइनवर फिरत असतात. कुणीतरी पाण्यात टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, धरलेलं असतं, आकडा मोठा असतो, खाली संतापाच्या कमेंट्स. संताप रास्तच आहे. पण त्या आकड्याच्या शेजारी दुसरा एक आकडा कधीच नसतो, आणि तो नसल्यामुळे खाणवाल्यांचं फावतं. त्या वेळी ओढ्यातून सेकंदाला किती लिटर पाणी वाहत होतं, म्हणजेच विसर्ग किती होता?

समजा, पाणी आटलेलं असताना नमुना घेतला. सल्फेट, म्हणजे खाणीच्या पाण्यात येणारा गंधकाचा क्षार, लिटरला 800 मिलिग्रॅम आणि प्रवाह सेकंदाला 20 लिटर. म्हणजे दिवसाला साधारण 1.4 टन सल्फेट वाहून गेलं. आता जोराचा पाऊस झाल्यावर त्याच जागी सल्फेट 200 भरलं, पण प्रवाह होता सेकंदाला 400 लिटर. दिवसाला जवळपास 7 टन! कागदावर पाणी चौपट 'सुधारलं', आणि खालच्या नदीत पाचपट माल गेला. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण गणित कुठल्याही ओढ्याला हेच लागू पडतं. उत्पन्न न सांगता नुसता कराचा टक्का सांगावा, तसा विसर्गाशिवायचा पाण्याचा रिपोर्ट. मासा आणि माणूस ज्या क्षणी ते पाणी पितात, तेव्हा लिटरमागचा आकडा महत्त्वाचा, हे मान्य. पण खाणीतून एकूण किती बाहेर पडतंय आणि शुद्धीकरणाची यंत्रणा केवढी हवी, हे त्यावरून कळत नाही.

फोटोही फसवतो. कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या खडकात पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. खोदकामानं त्याला हवा आणि पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि लोह पाण्यात उतरतं. या कामाला काही जिवाणू प्रचंड वेग देतात. गंमत अशी, की पाणी अगदी आंबट असतं तेव्हा लोह विरघळलेलंच राहू शकतं आणि ओढा काचेसारखा नितळ दिसतो. तळाचा दगड न् दगड मोजता येतो, फक्त त्या दगडांखाली एकही किडा नसतो. केशरी गाळ बसतो तो बहुतेकदा पुढे, चांगल्या पाण्याचा ओढा येऊन मिळतो आणि आम्लता उतरते तिथे. ॲल्युमिनियम असेल तर संगमाजवळ पांढुरका साका धरतो, आणि तोच माशांच्या कल्ल्यांवर बसतो. थोडक्यात, कॅमेरा नेमका तिथे रोखला जातो जिथे पाणी जरा बरं व्हायला लागलेलं असतं.

आणि जिथे खडकात चुना भरपूर आहे, तिथे यातलं काहीच दिसत नाही. आम्ल जागच्या जागी मारलं जातं, पीएच (आम्लतेचा आकडा) सातच्या वर, म्हणजे आम्ल उरलेलं नाही, पाणी स्वच्छ, सगळे खूश. क्षार मात्र वाढलेले असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं 2011 मध्ये मध्य ॲपलेशिया या तिथल्या डोंगराळ कोळसा पट्ट्यातल्या ओढ्यांसाठी कंडक्टिव्हिटीचा (क्षार जितके जास्त, तितकी पाण्यातून वीज सहज वाहते, त्याचं माप) जो मापदंड काढला, तो होता सेंटिमीटरला 300 मायक्रोसिमेन्स. त्यापुढे ओढ्यातले संवेदनशील कीटक नाहीसे व्हायला लागतात. कॅनडाच्या एल्क खोऱ्यातल्या कोळसा खाणींत मुख्य दुखणं सेलेनियमचं, म्हणजे प्रमाण वाढलं की माशांना विषारी ठरणाऱ्या मूलद्रव्याचं. खाणीतून काढून रचलेल्या दगडांच्या ढिगांतून ते पाझरतं. त्या प्रकरणात 2021 मध्ये कंपनीला 6 कोटी कॅनडियन डॉलर दंड झाला. केशरी फोटो तिथे मिळणार नाही.

पण माझा खरा राग आहे तो प्रवाहाकडे होणाऱ्या दुर्लक्षावर. खाण चालवायची तर पाणी उपसावंच लागतं. उपसा सुरू झाला की भूजल खाली जातं, आजूबाजूचे झरे आटतात. मात्र उपसलेलं पाणी ज्या ओढ्यात सोडतात, तो बारमाही होतो. 'बघा, आमच्यामुळे नदीला पाणी आहे' असं मग अभिमानानं सांगितलं जातं. खोटं नाहीच ते. पण ते पाणी पंपाचं आहे. खाण बंद, पंप बंद, ओढा कोरडा. आणि कधी काही वर्षांनी, कधी काही दशकांनी, भरलेल्या खाणीतून पाणी आपोआप बाहेर यायला लागतं. त्यातला पहिला लोंढा बहुधा सगळ्यात वाईट, कारण इतकी वर्षं उघड्या खडकावर साचलेले क्षार तो धुऊन आणतो. तोवर खाण चालवणारे सापडतीलच असं नाही.

जर्मनीच्या रुहर भागात दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर 2018 मध्ये बंद झाली. पंप बंद झाले नाहीत, होणारही नाहीत. खाणींमुळे जमीन काही ठिकाणी 20 मीटरहून जास्त खचली आहे. उपसा थांबला तर वस्त्यांत तळी होतील. या कामाला तिथे 'अनंतकाळची कामं' असंच नाव आहे आणि त्यासाठी वेगळा निधी आहे. तिथली एम्शर नदी तर शंभरेक वर्षं उघडं गटार होती, कारण जमीन खचत असताना भुयारी गटारं टिकली नसती. ती सांडपाणीमुक्त व्हायला 2021 उजाडलं आणि खर्च साडेपाच अब्ज युरोंच्या घरात गेला. कोळशाच्या टनामागच्या किमतीत हे कुणी धरलं होतं?

म्हणून खाण सुरू व्हायच्या आधीची पाण्याची नोंद हवी. अमेरिकेच्या 1977 च्या खाण कायद्यात हे आहे: परवाना मागणाऱ्यानं पाण्याचं प्रमाण आणि गुणवत्ता या दोन्हींवर काय परिणाम होईल ते सांगायचं, तेही ऋतूनुसार बदलणारा प्रवाह धरून. कायदा असूनही ॲपलेशियातले ओढे खाणींमुळे बिघडलेच, तेव्हा कायद्याचे गोडवे गायचे नाहीत. पण निदान प्रश्न बरोबर विचारलाय.

मोजणं अवघड नाही. छोट्या ओढ्यावर इंग्रजी V सारख्या काटकोनी खाचेची फळी आडवी बसवली की खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून विसर्ग निघतो. उंची दुप्पट झाली की विसर्ग साडेपाच पटींहून जास्त, म्हणून पट्टी नीट वाचायची. तेही जमत नसेल तर सरळ पट्टा निवडा, रुंदी आणि सरासरी खोली मोजा, लाकडाचा तुकडा सोडून ठरावीक अंतराला किती वेळ लागतो ते बघा आणि वेग काढा. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग. पृष्ठभागाचा वेग जास्त असतो, म्हणून उत्तराला 0.85 नं गुणा. उत्तर ढोबळ येईल, चालेल.

फक्त हे खाणीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, एकाच दिवशी करा. वरचा आकडा नसला की 'इथलं पाणी आधीपासूनच असं होतं' हे ठरलेलं उत्तर येतं, आणि आपल्याला गप्प बसावं लागतं.